खोकल्यावर चालणारा बँड

बस डेपोत इंजिने दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे भोंगा म्हणत. सायलेन्सर फाटलेली बस चढाला लागावी, तसा आवाज. आणि ब्लूज-रॉकच्या गाण्यांना नेमका तोच लागतो, हे त्याला पस्तिशीत उमगले. मग धाकट्या बहिणीच्या लाँड्रीमागच्या खोलीत, वाळत घातलेल्या चादरींच्या गर्दीत, बँड उभा राहिला. ड्रमवर प्लंबर, गिटारवर सलूनवाला आणि माइकपुढे नखांत ग्रीस घेऊन भोंगा.

गाणी कोण लिहिणार, हा प्रश्नच उद्भवला नाही. इस्त्री फिरवताना बहीण भावावर जे तोंडसुख घेई, तेच भोंगा संध्याकाळी गाई. ‘हात धुतल्याशिवाय परत येऊ नकोस’ ही ओळ प्रेमभंगाची समजून लोक डोळे पुसत.

“दादा, मी तुला बोलले होते, जगाला नाही,” ती कुरकुरे.

“जगाचे हात कुठे स्वच्छ आहेत?” तो म्हणे.

पहिल्याच कार्यक्रमात त्याला ऐन सुरुवातीला खोकला आला. प्लंबरला ती खूण वाटली; त्याने काठ्या आपटल्या आणि गाणे असे काही रंगले, की पुढे बँडने आकडे मोजून सुरुवात करणे सोडूनच दिले. भोंगा खोकला, की गाणे सुरू.

एके दुपारी डेपोतच भोंग्याच्या हृदयाने दगा दिला. त्याच्या स्मृतीचा कार्यक्रम ठरला, पण गाणार कोण? प्लंबर लाँड्रीत आला. “ताई, शब्द तुमचेच आहेत. तुम्ही गायला नाहीत, तर बँड मोडला म्हणून समजा.”

“मी रागावते. गात नाही.”

दादाचा बँड आपल्यापायी मोडावा, हे मात्र तिला सोसवेना. ती तालमीला उभी राहिली. तिने खोकून पाहिले; प्लंबरचे हात हलेनात.

“ताई, हा खोकला दारावर टकटक करतो. दादांचा दार तोडायचा.”

कार्यक्रमाच्या दिवशी ती पडद्याआड गरम पाणी पीत होती. पहिल्या रांगेत डेपोचे एक निवृत्त ड्रायव्हर सर्दीने बेजार होऊन बसले होते. ते खोकले, दार तोडणारेच खोकले. प्लंबरचे हात आपसूक पडले, गिटार धावली, आणि माइकपुढे कोणीच नाही.

ती पेल्यासकट धावत आली. “कुणाला विचारून सुरू केलंत?”

गिटारने उत्तर दिले.

“मी काय भिंतीशी बोलतेय?”

गिटारने पुन्हा उत्तर दिले. लोकांना वाटले, नवे गाणे. सारे सभागृह ‘मी काय भिंतीशी बोलतेय’ म्हणत टाळ्यांवर डोलू लागले. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले, की दादाने शब्दांना चाल कधी लावलीच नव्हती. चाल तिच्या रागावण्यातच होती. त्याने ती जशीच्या तशी उचलली होती. तिला इतके हसू फुटले, की पुढचे कडवे तिने हसतच गायले.

कार्यक्रमानंतर प्लंबरने भीत भीत विचारले, “मग ताई, बँडचं काय करायचं?”

“मोडून तर दाखवा, एकेकाला इस्त्रीखाली घालते.”

सलूनवाल्याने खोक्यात ठेवलेली गिटार पुन्हा बाहेर काढली. “ताई, हेच परत म्हणा. जरा सावकाश.”