बाबुराव परत गेलेच नाहीत

जिजाबाईंनी बोलावलं की माणूस येतो, मेलेला असला तरी. निदान मुर्धा गावात तरी असं मानतात. आगऱ्यांच्या हळदीला आधी धवलारीण लागते. ती धवले गाऊन देवांना आणि घरच्या मेलेल्यांना नावानिशी बोलावते, आणि हळद आटोपली की ज्या आवाजाने बोलावलं त्याच आवाजाने परत धाडते. चाळीस वर्षं जिजाबाई हेच करत आल्या.

मग त्यांच्या नातवाने, योगेंद्रने, महिपत पाटलांच्या घरची हळद मोबाइलवर रेकॉर्ड केली. बोलावणं झालं आणि नातवाला, साहेबाला, ऑफिसचा कॉल आला. परत धाडायचं रेकॉर्ड व्हायचं राहूनच गेलं. होतं तेवढं त्याने ग्रुपवर टाकलं, आणि वर्षभरात उत्तनपर्यंतच्या मांडवांत जिजाबाई स्पीकरवर गाऊ लागल्या. धवलारणीला आणायला रिक्षा नको, तिचे रुसवेफुगवे नकोत. सोय झाली.

"आजी, तू फेमस झालीस!"

"मेल्या, त्यात महिपतच्या बापाचं नाव हाय. लोकांच्या हळदीला बाबुराव कशाला?"

"नावं कोण ऐकतंय?"

"ज्याचं हाय तो ऐकतो."

योगेंद्र हसला. जिजाबाई हसल्या नाहीत. बाबुराव मिठागरावर राबलेले. हयातीत कधी कुणाच्या दारात आगंतुक गेले नाहीत. आता मात्र कुठल्याही मांडवातून जिजाबाईंचा आवाज आला की त्यांच्या ओट्यावर ओली, पांढुरकी पावलं उमटत. सून ममता फडकं मारून म्हणायची, "लादीच खराब आहे." पुसलेल्या फडक्याला मिठाची चव होती. जिजाबाईंनी ती घेऊन पाहिली होती.

अशात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज फाटला. त्यात नात समीक्षाची हळद ठरली.

"रेकॉर्डिंग लावू, आजी," योगेंद्र म्हणाला.

"तुझा आजोबा त्यात न्हाय. दशरथला मीच बोलावनार."

हळदीच्या दुपारी त्यांनी नवऱ्यासाठी पाट मांडला, तोंड उघडलं आणि थांबल्या. पाटाखाली लादी ओली होत होती. बाबुराव आधीच येऊन बसले होते. दमलेले, मान खाली घातलेले. इतकी लग्नं झाली, पण कुणी 'आता जा' म्हटलं नव्हतं.

घसा एकदाच साथ देणार, हे जिजाबाईंना ठाऊक होतं.

त्यांनी परत धाडायचा धवला धरला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हळद लागायच्या आधीच पाठवणी? जिजाबाई खरखरत, अडखळत शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. लादी सुकली. मग त्यांनी दशरथचं नाव घ्यायला ओठ हलवले. नुसती हवा आली.

समीक्षाने त्यांचा हात धरला. "आजी, आजोबा आले ना?"

तेवढ्यात पलीकडच्या मांडवात स्पीकर खरखरला, आणि जिजाबाईंचा जुना, खणखणीत आवाज बाबुरावांना नाव घेऊन हाक मारू लागला.

जिजाबाईंनी दशरथचा पाट उचलला आणि बाबुरावांना आल्या आल्या टेकता येईल असा दाराच्या बाजूला नेऊन ठेवला.