मकाव माडावर आणि मीही

आमच्या घरात मे महिन्यात माणूस खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडत नाही.

खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं माझी माय म्हणते, आणि आमच्या विदर्भातल्या वणीच्या उन्हात तिच्याशी वाद घालण्याइतकी ताकद कोणात उरलेली नसते. (डॉक्टरांचं मत मी विचारलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचाच खिसा मी फुगलेला पाहिला आहे!) त्यामुळे यंदा माझी बायको वंदना हट्ट धरून आम्हाला कोकणात घेऊन गेली, तेव्हा आमच्या सामानात एक बॅग कपड्यांची होती आणि एक पिशवी कांद्यांची.

गाव मोठं देखणं. लाल चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, कौलारू घरं, दर दुसऱ्या फाटकावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी, आणि वाट संपली की एकदम समुद्र. पहिल्याच दिवशी चार वाजता आम्ही किनाऱ्यावर निघालो, तर माय दारात आडवी.

"सिद्धू, कांदा घेतला का?"

"माय, इथं समुद्र आहे! गार हवा सुटून राह्यली!"

"ऊन काय गाव पाहून लागते का? ठेव खिशात!"

मी बेचाळीस वर्षांचा, मोटार वायंडिंगच्या दुकानाचा मालक. पंचक्रोशीतले कूलर माझ्या भरवशावर फिरतात. मी मुकाट्यानं कांदा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

किनाऱ्यावर मंगेश नावाचा एक माणूस खांद्यावर भलामोठा विदेशी पोपट घेऊन उभा होता. मकाव म्हणतात त्याला. अंग निळं, पोट पिवळं, आणि चोच अशी की आमच्या दुकानातली सगळ्यात मोठी पक्कड लाजावी. नाव बादशहा. पर्यटकांच्या खांद्यावर बादशहाला बसवून फोटो काढायचे, यावर मंगेशचं घर चालत होतं. "पोरासारखा वाढवलाय हो याला," तो सांगत होता, "पिल्लू होता तेव्हा चमच्यानं भरवलंय."

"तुम्ही नका बसवू खांद्यावर," वंदना म्हणाली. "तुम्हाले कोंबडीचं भेव वाटते."

एवढं चारचौघांत ऐकल्यावर कोणता नवरा मागे हटेल? "पाखराले माणूस वळखता येते," असं म्हणून मी छाती काढून उभा राहिलो. काढलेल्या छातीवरच तो खिसा होता.

बादशहा माझ्या खांद्यावर बसला. त्यानं माझा कान तपासला, मिशी तपासली, मग मान खाली वाकवून खिशात पाहिलं. पुढच्या क्षणी टर्रकन आवाज झाला. खिसा गेला, कांदा गेला, आणि बादशहा शेजारच्या वाकलेल्या माडाच्या शेंड्यावर जाऊन बसला!

लोक हसले. मीही हसलो. मंगेश मात्र पांढरा पडला.

"काका, काय होतं ते खिशात?"

"कांदा."

"कांदा? समुद्रावर कांदा?" त्याचा आवाज चिरकला. "अहो, कांदा म्हणजे विष त्याला! डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. पोटात गेला तर मरेल हो माझा बादशहा!"

आपल्या खिशातल्या कांद्यानं एका माणसाचं लेकरू मरणार आणि त्याची चूलही विझणार, या विचारानं मला तिथेच रडू यायला लागलं. मंगेश शीळ घालत होता, काजू दाखवत होता, हात जोडत होता. बादशहा एका पायात कांदा धरून, वंदना धरते त्यापेक्षा नीट धरून, त्याची साल काढत होता. सालपटं तरंगत आमच्या डोक्यावर पडत होती.

"मी चढतो!" मी गर्जना केली.

"तुम्ही?" वंदना म्हणाली.

नारळाचं झाड मी जन्मात चढलो नव्हतो. आमच्याकडे नारळ थेट किराणा दुकानात उगवतो. पण माड वाकलेला होता, बुंध्याला पाय ठेवायला खाचा होत्या आणि अंगात अपराधीपणाचं बळ होतं. मी भराभर बारा-तेरा फूट चढलो. मग खाली पाहिलं. ते पाहायला नको होतं! हातपाय असे गोठले की मला वर जाता येईना आणि खालीही येता येईना. मी बुंध्याला घट्ट मिठी मारली आणि डोळे मिटले.

एवढ्यात आमच्या मागून हळूहळू निघालेली माय वाळूतून पाय ओढत आली. वंदनानं तिला कांद्याचं सगळं सांगितलं. तिनं वर पाहिलं. मग आणखी वर पाहिलं.

"सालपट काढून राह्यला ना? म्हंजे अजून येळ हाय," ती म्हणाली. "वंदना, तुया दुपट्टा दे मले."

माय राळेगावकडची. लहानपणी चार हंगाम तिनं ज्वारीच्या वावरात मचाणावर बसून पाखरं हाकलली आहेत. तिनं दुपट्ट्याची गोफण केली, तसा मंगेश आडवा आला.

"आजी, दगड नको! आणि ओरडू पण नका, समुद्रावर उडून जाईल!"

"दगड कायले लागते, बाप्पा? रिकाम्या गोफणीचा आवाजच पुरते. पाखरू भेलं का चोचीतलं टाकते अन् आपल्या माणसाकडं पयते. तू फक्त हात पसरून उभा राय. तुयं लेकरू हाय ना? मंग तुयाकडंच येईन."

मंगेशनं एकदा शेंड्याकडे पाहिलं. शेवटचं सालपट खाली येत होतं. त्यानं हात पसरले.

मायनं पदर खोचला, दुपट्टा डोक्याभोवती तीनदा फिरवला आणि असा फटका काढला की बंदूक सुटल्यासारखं वाटलं. पाठोपाठ आरोळी. "हाऽऽऽ हुर्रर्रयोऽऽऽ!"

घोडागाडीचा घोडा ओल्या वाळूत दोनशे पावलं पळाला. भेळवाल्याच्या हातातला डबा पडला. पुण्याकडची काही मंडळी हात वर करून उभी राहिली. कांदा थेट माझ्या टाळूवर आदळला, आणि बादशहा निळा-पिवळा झरझर खाली येऊन मंगेशच्या मानेत तोंड खुपसून बसला!

मंगेशनं त्याची चोच उघडून पाहिली. एक पापुद्रासुद्धा आत गेला नव्हता. मग तो मायच्या पाया पडला आणि हुंदके देऊन रडला. किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आजी, तुमचा फोटो काढायचाच!" मंगेश म्हणाला. बादशहा आपणहून मायच्या खांद्यावर जाऊन बसला. जन्मभर पाखरं हाकलणारी माझी माय, आणि तिच्या गालाला चोच घासणारं ते पाखरू. मला तिचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. सगळा किनारा तिच्याभोवती गोळा झाला. मी वर आहे, हे वंदनाला पाऊण तासानं आठवलं.

तो फोटो मोठा करून आम्ही दुकानात लावला आहे. पंपाची मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी मायला हात जोडतं, मग फोटोजवळ नाक नेतं.

"आजी, हे मांगं झाडाले चिपकून राह्यलं, हे कोन्तं पाखरू होय?"

मी मान खाली घालून तार गुंडाळत असतो.

"ते आमच्या घरचंच होय," माय सांगते. "चढते बरोबर, पन उतरव्याले मानसं लागते."