नागोरावांचं तालमीतलं मरण

नागोराव, राग आला तर येऊ द्या, मी लिहिणारच. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधले हमाल, पण वीस वर्षं गावच्या दंडारीत, त्या नाचगाण्याच्या खेळात, लुगडं नेसून नाचलात. म्हणून दिग्रसच्या आपल्या बॅले मंडळाने, जिथे मी नाच बसवते, शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी बॅलेतल्या मुलीचा पार्ट तुम्हाला दिला. जमीन पिकावी म्हणून गाव तिला मरेपर्यंत नाचवतं. आपण गाव वऱ्हाडातलं केलं, मरण तेच ठेवलं.

बुधवारच्या तालमीत मुलगी मरते तिथे तुम्ही पडलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तुमचे ओठ निळे दिसले. मी धावत आले, तर एक डोळा उघडून म्हणता, "बाई, कायले भेता? मरून राह्यलो ना मी! बाजा संपू द्या."

बाजा संपला, पण तुम्हाला उठता येईना. छाती दाबून म्हणालात, "कोणाले सांगू नका, पार्ट जाईन माहा."

मी सांगितलं नाही. तेव्हापासून एकच धास्ती आहे: तुम्ही खरोखर मेलात तरी लोक टाळ्याच वाजवतील.

सोमवारी आपण दोघांनी यवतमाळला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं. स्टँडवर तुमची वाट पाहत मी दोन गाड्या सोडल्या. तुम्ही तालमीला गेला होतात.