बेटावरची देवी

ग्रीक देवांशी माझं सूत कॉलेजात जुळलं. मेडिकलच्या जाड पुस्तकांआड मी त्यांच्या कथा वाचायचे, आणि नॉटिंगहॅमला नोकरीला आले तेव्हा बॅगेत गोडा मसाल्याशेजारी त्याच होत्या. सगळ्यांत लाडका तो राजा. युद्ध संपून किती वर्षं झाली, तरी घर न सापडता समुद्रात भटकणारा. इथल्या विमानतळावर उतरल्यापासून मी स्वतःला तोच समजत आलेय. परदेशात राहणाऱ्याला तेवढी चैन परवडते.

आई गेल्यावर बाबांना मी मिरजेहून इथे आणलं. त्यांचं एकच, "मला घरी जायचंय." माझंही एकच, "तिथे एकटे कसे राहाल?" या हिवाळ्यात ते जेवणावरही रुसायला लागले. जरा मन रमेल म्हणून एका रविवारी दुपारी मी राजाची गोष्ट सांगायला घेतली. तर बाबा उठले आणि स्वयंपाकघरातून चिमूटभर तांदूळ आणून मुठीत धरून बसले. गोष्टीत देव आले म्हणजे ती कहाणी, आणि कहाणी हातात अक्षता घेऊनच ऐकायची! मला हसू आवरेना.

मी बेटावरच्या देवीपाशी आले. राजा तिच्याकडे अडकून पडलेला. खायला सुग्रास, वर ती त्याला अमर करायला तयार. आणि हा रोज किनाऱ्यावर बसून रडतोय.

"वाईट होती का ती?" बाबांनी विचारलं.

"नाही हो, फार जीव होता तिचा."

"मग रडत का होता?"

हा माझा हक्काचा विषय. लायब्ररीतल्या रीडिंग ग्रुपमध्ये यावरून मी भांडलेय. "अहो बाबा, त्याला अमर व्हायचंच नव्हतं," मी तावातावाने म्हणाले, "त्याला त्याच्या घरी म्हातारं व्हायचं होतं!"

आणि माझं लक्ष बाबांकडे गेलं. समोर गोळ्यांचा डबा, त्यांच्या अंगावर मी घेतलेला स्वेटर, खोली उबदार ठेवणारा रेडिएटर फुल. सगळं मीच दिलेलं. म्हणजे इतकी वर्षं मी राजा नव्हतेच? मला रागच आला, पण कुणाचा ते कळेना. मिरजेत ते बाथरूममध्ये पडले तेव्हा दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या देवीला कधी कुणाचा ईसीजी वाचावा लागला नव्हता.

"पुढे सांग. कहाणी अर्धी ठेवू नये."

मी सांगितलं. देवीनेच त्याला तराफ्यासाठी झाडं दाखवली, वाटेची शिदोरी दिली. थोरल्या देवाचा हुकूम आला म्हणून दिली, हे मी गाळलं. का गाळलं, कुणास ठाऊक. राजा घरी पोचला.

"आता फलश्रुती. ऐकणाऱ्याला काय मिळतं?"

"ग्रीकांत तसं नसतं, बाबा."

"असं कसं? ऐकणारा घरी पोचतो, असं म्हण."

मला ते म्हणवेना. नाहीही म्हणवेना. 

"बरं, राहू दे," म्हणत ते उठले. "या अक्षता ज्या देवीने त्याला जाऊ दिलं, तिला."

आणि घामाने ओलसर झालेले ते तांदूळ त्यांनी माझ्या डोक्यावर वाहिले. मी वाकून नमस्कार करावा की 'तथास्तु' म्हणावं, मला काही कळेना.