फोटोतला हात

आमच्या ऑफिसचा टेलिफोन ऑपरेटर जन्मापासून आंधळा. मोबाइल त्याला मेसेज वाचून दाखवायचा, पण फोटो आला की नुसतं ‘चित्र’ म्हणून गप्प. ‘अरे गाढवा, चित्रात कोण आहे ते सांग की!’ तो मोबाइलवरच खेकसायचा.

शेवटी तीही सोय आली. त्यानं आधी घरच्यांचा फोटो उघडला. तो फोटो काढला त्या दिवशी वहिनीनं त्याला कडेला उभं केलं होतं, दादाच्या खांद्यावर त्याचा हात ठेवला होता. ‘हसा भावजी!’ बिचारा गाल दुखेपर्यंत हसला होता.

मोबाइल म्हणाला, ‘चार माणसं हसत आहेत. एकाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे.’

त्यानं लगेच दादाला फोन लावला. ‘दादा, फोटोत माझा नुसता हातच का?’

‘राहिला होय? बघतो.’

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तोच फोटो पुन्हा आला. मोबाइल म्हणाला, ‘चार माणसं हसत आहेत.’