कुदळ न मारता केलेलं भूमिपूजन

तुमच्या शहराचा कचरा ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं पडत राहिला, ती जमीन त्याआधी कोणाची होती, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

मला उत्तर आयतं मिळालं. ते शाळेत माझ्याच बाकावर बसायचं. माझी मैत्रीण खाडीकाठच्या गावातली, आणि आम्ही समोरच्या सेक्टरमधल्या सोसायटीत राहायचो. मधे डंपिंग. वारा खाडीकडून सुटला की आमच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड लागायच्या. मैत्रिणीच्या घरी मात्र त्या जागेला कोणी डंपिंग म्हणतच नसे. "काका कुठे गेलेत?" "शेतावर." शेत म्हणजे कचऱ्याच्या डोंगराचा पायथा. तिच्या आजोबांच्या काळी तिथे भात पिकायचा, बांध घालून खाडीचं खारं पाणी बाहेर अडवलेलं असायचं. मग शहर आलं, जमीन गेली, आणि शहराने त्या जमिनीवर स्वतःचा कचरा आणून ओतला. नाव मात्र शेतच राहिलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा कारखान्यात कामाला आणि उरलेल्या वेळात चळवळीत. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात छापखाना होता, तिथून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून घड्या घालायचो. 'डंपिंग हटवा' ही अक्षरं मी बाराखडीच्या आसपासच वाचायला शिकले असेन. शेवटी डंपिंग बंद झालं तेव्हा आमच्या घरी पेढे आले. पण डोंगर जिथल्या तिथे होता. उन्हाळ्यात तो आतून धुमसायचा, पावसाळ्यात त्याच्या बुडातून काळं पाणी झिरपून खाडीत जायचं. 'बंद करा'च्या पुढे काय करायचं, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ते आता तुम्ही लिहा. आमचे हात दुखले."

म्हणून जेव्हा त्या डोंगरावर खरंच काम सुरू झालं, तेव्हा मी वेड्यासारखी रोज बघायला जायला लागले. काय काम होतं ते! पोकलेनने डोंगराचे कडे कापून उतार केले. वरून मातीचा थर, त्यावर काळी जाड प्लास्टिकची शीट, एकेक पट्टा यंत्राने तापवून दुसऱ्याला चिकटवलेला. शीटवर पुन्हा माती आणि मातीवर गवत. आतला वायू कोंडू नये म्हणून जागोजागी उभे पाइप. बुडातलं काळं पाणी गोळा करायला चर आणि टाकी. म्हणजे डोंगराला झाकण घातलं होतं: वरून पाणी आत जाणार नाही, आतलं बाहेर सांडणार नाही, आणि वायू निघेल तो आपण ठेवलेल्या वाटेनेच. मला तर नाचावंसं वाटत होतं. लहानपणापासून ज्या गोष्टीवर फक्त चिडायला शिकले होते, तिच्यावर कोणीतरी उपाय करत होतं, आणि तो डोळ्यांना दिसत होता!

मैत्रिणीचा आनंद माझ्यापेक्षा मोठा होता आणि भीतीही. ती गावातल्या पोरींना कबड्डी शिकवते. सराव देवळासमोरच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर. पकड करताना पोरी पडल्या की गुडघे सोलून निघायचे. गावच्या मागणीवरून पालिकेने डोंगराच्या पायथ्याची सपाट पायरी मैदान म्हणून द्यायचं कबूल केलं होतं. बांधकाम नाही, मोठी झाडं नाहीत, खायचं काही पिकवायचं नाही. पण लाल माती टाकून कबड्डीचं मैदान चालेल. आणि वेळेची अट, पावसाळ्याआधी माती पडून दबली पाहिजे. नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की तिथे ट्रक उभे करायचं कोणीतरी सुचवणार, हे आम्हाला पाठ होतं.

"माज्या निम्म्या पोरी यंदा धाव्वीला हायत," ती म्हणाली. "धाव्वी झाली का घरचे म्हनतील, बस झाला आता खेळ. मैदान दिसला तर थांबतील. नाय दिसला तर गेल्या."

आणि नेमकं तेव्हाच गावाने भूमिपूजन करायचं ठरवलं.

तिचे काका पुढे होते. शेती गेल्यावर चाळी बांधून भाड्याने देणारा माणूस, पण अजून पहाटे उठून शेताकडे चक्कर मारणारा. एवढ्या वर्षांनी जमीन परत गावाच्या पायाखाली येणार, तर कार्यक्रम दणक्यात झाला पाहिजे. मोठा मांडव, बँड, फटाके, आणि गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हातून कुदळीचा पहिला घाव. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही उत्साहात आले. त्यांना कुदळ हातात घेऊन फोटो हवा होता.

मी ऐकलं आणि धावत साइटवरच्या इंजिनीअरबाईंकडे गेले. त्या नागपूरकडच्या. डोक्याला हात लावून म्हणाल्या, "का बरं हे असं करून राहिले? खालची शीट फाडायची आहे का त्यांना? कुदळ नको, खांब नको, खिळासुद्धा नको. आणि फटाके? खाली मिथेन आहे!"

मी त्या संध्याकाळी पत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, उद्गारचिन्हांनी ठासलेलं. मैत्रिणीने उभ्याउभ्या वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाली, "बरा हाय. वडापाव बांधायला कागद बी चांगला हाय."

"अगं, मुद्दे बघ ना!"

"मुद्दे हायत गो. पन माजा काका चश्मा लावत नाय. तू चल त्याच्याकडं."

देवळाच्या ओट्यावर काका आणि त्यांचे सोबती बसले होते. मी शीट, वायू, काळं पाणी, सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुदल नाय, फटाके नाय, खांब नाय," ते म्हणाले. "मंग काय आमी मुक्यानं भूमिपूजन करायचा? बाय, तुज्या बापानं डंपिंग बंद केला, लय उपकार. पन जमिनीला पयला घाव लागल्याबिगर काम सुरू व्हत नाय. आमच्यात ती रीत हाय."

सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन. "लवकर ये. मांडववाला पोचला." आम्ही पोचलो तोवर त्याच्या माणसांनी कडेला, जिथे मातीचा थर पातळ होता, पहार मारून बांबूसाठी भोक पाडलेलं होतं. पहारेच्या टोकाला काळ्या शीटचा तुकडा लोंबत होता. इंजिनीअरबाई वायू मोजायचं मीटर घेऊन धावत आल्या आणि त्यांनी ते भोकापाशी धरलं. मीटर केकाटायला लागलं. टीं टीं टीं टीं. मांडववाल्याच्या एका माणसाने कानावरची विडी हळूच काढून खिशात टाकली.

काकाही आले होते. मीटर थांबेना.

"काम बंद," बाई म्हणाल्या. "आता हे वर कळवावं लागेल. ठिगळ लावून, माती दाबून, पुन्हा तपासणी होईपर्यंत मैदान मिळणार नाही."

मैत्रीण तिथेच उकिडवी बसली. पावसाळा फार लांब नव्हता. मग ती भोकाकडे बोट दाखवून काकांना म्हणाली, "काका, बांधाला खेकड्यानं भोक पाडला का तुमी काय करायचे?"

काका म्हणाले, "काय करनार? भोक एवढासाच असतो. पन रातभर पानी आत येतो, सकाळपर्यंत बांध फुटतो, शेत खारा व्हतो. तीन-चार वरसं पीक नाय." बोलता बोलता ते थांबले. भोकाकडे बघितलं, मग वरच्या अख्ख्या उताराकडे. "म्हंजे हा पन बांधच हाय."

"बांधच हाय."

"आनि आमी खेकडा."

मांडववाला फिस्सकन हसला. काका त्याच्यावर उखडले, "तू काय हसतोस? पहार तुजी हाय!"

मांडववाला बिचारा म्हणाला, "काका, मला कुनी सांगितलाच नाय. आमी डांबरी रस्त्यावर वालूचे पिंप ठेवून खांब उभे करतो ना. तसा बी जमला असता."

झालं! इतकं सोपं होतं. आणि त्याच दिवशी ओट्यावर पुन्हा बैठक बसली तेव्हा दुसरी गोष्ट काकांनीच काढली. पूर्वी बांध खचला की घरटी एक माणूस माती घेऊन निघायचा. कोणी बोलवायला जात नसे. ज्या घरातून माणूस आला नाही त्या घराला पुढे वर्षभर टोमणे. "जमिनीला घाव नाय घालायचा ना? मंग भर घालू. घरटी एक घमेला माती. त्योच आमचा भूमिपूजन." मैदानाला लाल माती हवीच होती! इंजिनीअरबाईंनी फक्त एवढं सांगितलं की माती त्यांनी तपासलेल्या ढिगातलीच घ्यायची, मनाला येईल तिथून आणायची नाही. काका म्हणाले, "बाई, ढीग तुमचा, घमेला आमचा."

ठिगळ लागलं. माती दाबली. आम्ही रोज जाऊन मीटरकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं बघत होतो. ते गप्प राहिलं. पुन्हा तपासणी झाली, आणि परवानगी आली तेव्हा मैत्रिणीने मला फोनवर काहीच सांगितलं नाही, नुसती किंचाळली. मीही किंचाळले. बाबा आतून विचारत राहिले, "कोण गेलं? कोण गेलं?"

भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी गावातून रिकामी घमेली मातीच्या ढिगाकडे निघाली. लुगड्यातल्या म्हाताऱ्या, भाडेकरू, आमच्या सोसायटीतले लोक, सेक्रेटरी पांढऱ्या शर्टावर लाल माती घेऊन. त्यांना फोटो मिळाला, घमेल्यासकट. बँड वाजला. फटाके नाहीत. नारळ फोडायचा प्रश्न आला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "दगडावर फोडा की, जमिनीला कशाला धक्का?" आणि इंजिनीअरबाईंनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जुन्या माणसाने पहिलं घमेलं ओतलं, सगळ्यात धाकट्या कबड्डीपटूने दुसरं. रोलर फिरला. संध्याकाळपर्यंत चुन्याच्या रेषा पडल्या आणि पोरींनी चढाई सुरू केली. पकडीत पहिली पोरगी आपटली, उठली, गुडघा बघितला. लाल होता, पण मातीने. ती इतकी हसली की तिचा दम सुटला आणि ती बाद झाली.

दहावीतली एकही पोरगी अजून गेलेली नाही. पण खालचा कचरा अजून जिवंत आहे, आणि पुढची कित्येक वर्षं राहील. मीटर लावणं थांबलं तर हे मैदान पोरींसाठी सुरक्षित राहणार नाही. म्हणून मैत्रिणीने हट्ट धरून फाटकावर एक फळा लावून घेतला आहे. दर आठवड्याला वायूचं मोजमाप त्यावर खडूने मराठीत लिहिलं जातं आणि खाली एक ओळ: आज खेळायला चालेल, किंवा आज चालणार नाही. एका आठवड्यात फळा कोरा राहिला, तर पोरी आत गेल्याच नाहीत. फाटकाबाहेर बसून राहिल्या, बाई येऊन मोजेपर्यंत.

तुमच्या शहरातही असं बंद झालेलं डंपिंग असणार. त्यावर बाग झाली असेल, मैदान झालं असेल, किंवा नुसतं गवत वाढलं असेल. या रविवारी तिथे जा. पाइप आहेत का बघा, काळं पाणी कुठे जातं ते विचारा. फाटकावर मोजमापाचा फळा नसेल, तर सोमवारी पालिकेत जाऊन तो लेखी मागा, आणि मागताना ज्यांना खेळायला जागा हवी आहे त्या पोरांना बरोबर न्या.