शेवटच्या दहा मिनिटांतलं कारण

बालाघाटच्या स्टेशनामागच्या वस्तीत ज्या घरी पाळणा हलला, त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून अनुसयाबाई हजर, असं तीस वर्षं चाललं होतं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. पाण्यात कोपर बुडवून ऊन किती ते बघायचं, पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला पायांवर पालथं घालायचं आणि तेल जिरवायला लागायचं. बाळ आधी वस्ती डोक्यावर घेई आणि मग दुपारपर्यंत गाढ झोपे. पानठेल्यावर विडी ओढणारी मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा त्या दिसल्या की हात पाठीमागे नेत. जिनं आपल्याला उघडंनागडं पायांवर उलटंपालटं केलं, तिच्यापुढे रुबाब कसला करायचा.

नवरा वारासिवनीच्या राइस मिलमध्ये होता. छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा प्रेमलाल चार वर्षांचा. तो एकुलता. आईनं पोटाला चिमटा घेऊन वाढवला, आठवीपर्यंत शिकवला. पुढे तो उकवा गावाकडे ट्रकांवर दगड चढवायच्या हमालीला लागला. दर पंधरा दिवसांनी घरी येई, आईच्या हातचा भात खाई, अंगणात खाट टाकून झोपे. वाईट संगत नव्हती, दारूचं नाव नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात त्यानं माणूस मारला. सोबतचा हमाल, भैयालाल नावाचा. प्रेमलालनं पाण्याची छागल झाडाला टांगून ठेवली होती, त्या कापडी पिशवीतलं पाणी भैयालालनं विचारल्याशिवाय पिऊन टाकलं. शिवीगाळ झाली, आणि प्रेमलालनं हातातली सब्बल, दगड उचकटायची लोखंडी पहार, त्याच्या डोक्यात घातली. दवाखान्याच्या वाटेवरच भैयालाल गेला. कोर्टानं जन्मठेप दिली. प्रत्येक तारखेला अनुसयाबाई मागच्या बाकावर बसत, पण मुलानं एकदाही मान वर केली नाही. जबलपूरच्या जेलात गेल्यावर त्याचं एक कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, की माय, तू येऊ नोको. त्या गेल्या नाहीत.

वस्ती मात्र वाईट वागली नाही. बाळंतिणींनी त्यांना बोलावणं सोडलं नाही. बायका सांत्वनाला म्हणत, मागच्या जन्मीचं असेल काही, बाई, भोगून संपवायचं. अनुसयाबाईंना ते सोसवे. मागच्या जन्मीचं कोणाला आठवतं? जे आठवत नाही, त्याचा दोष अंगाला बोचत नाही. पण एक प्रश्न मात्र त्यांच्या उशाशी कायम बसून असे. पाण्याच्या घोटापायी कोणी जीव घेतो का? याच्या मागे काहीतरी असलंच पाहिजे.

ते काहीतरी त्यांना टीव्हीत सापडलं.

दोन हजार एक साली वस्तीतल्या सुनीतीवहिनींची सून मधुवंती बाळंत झाली. मुलगी झाली. वहिनींचे यजमान गुणाकरराव कचेरीतून निवृत्त झालेले, घरात केबल आलेली. दुपारी बाळंतिणीला शेक द्यायला अनुसयाबाई पुन्हा येत, तेव्हा अडीच वाजता एक हिंदी मालिका लागे. सुनीतीवहिनी देवाच्या वाती वळत वळत खून बघायच्या. मधुवंती बाळाला घेऊन पलंगावर, आणि अनुसयाबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून.

त्या मालिकेत एक डॉक्टरसाहेब होते. पोलिसांना काही सुचेनासं झालं की त्यांना बोलावणं जाई. ते प्रेताजवळ उकिडवे बसत, डोळे मिटत आणि खुन्याला पाहिलं नसताना त्याचं वर्णन सांगत. उम्र पच्चीस से तीस, अकेला रहता है, बाप का साया नहीं. फळ्यावर मेलेल्याचा फोटो लागे. पहिला धरलेला माणूस हमखास निर्दोष निघे. दुसऱ्या जाहिरातीच्या आधी डॉक्टरसाहेबांची चूक झाल्यासारखी वाटे, पण ती चूक नसे. आणि शेवटच्या दहा मिनिटांत चित्र पिवळसर व्हायचं. आधी बांगड्यांचा आवाज, मग एक लहान मुलगा, मग त्याची आई. आईनं चटका दिलेला असे, नाहीतर उपाशी ठेवलेलं असे. डॉक्टरसाहेब हळू आवाजात ते सारं बोलून दाखवत, खुनी ढसाढसा रडे, आणि गोष्ट संपे.

सुरुवातीला तिघी पैजा लावत. मधुवंतीचा भर तोंडावर असे, हा दिसतोच चोरासारखा म्हणून. ती दर वेळी हरे. महिनाभरात अनुसयाबाई मात्र दुसऱ्या जाहिरातीच्या आत बिनचूक माणूस सांगू लागल्या.

"तुम्हाला पोलिसांत घेतलं पाहिजे," मधुवंती म्हणाली. "ओळखता कसं हो?"

"सोपं हाय," अनुसयाबाई म्हणाल्या. "ज्याच्या मायचं नाव निघालं, तोच."

मधुवंती हसली. सुनीतीवहिनींची वात मात्र हातातच राहिली. त्यांनी विषय बदलून चहा टाकला.

पुढच्याच आठवड्यात तो भाग लागला. त्यातल्या मुलाला आईनं अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं. संध्याकाळी दार उघडलं तर मूल नुसतं बघत होतं. "वह रोया नहीं," डॉक्टरसाहेब म्हणाले. "जिस दिन बच्चा रोना बंद कर दे, उसी दिन ख़ून हो जाता है."

अनुसयाबाई उठल्या आणि शेगडी तशीच धगधगती ठेवून घरी गेल्या.

प्रेमलाल सात वर्षांचा होता, तेव्हाचा तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन मिरवत होती. यानं शेजारच्या पोराला ढकललं आणि त्याच्या बैलाचा पाय मोडला. अनुसयाबाईंनी त्याला गोवऱ्यांच्या कोठडीत घातलं, कडी लावली आणि न्हाऊ घालायला गेल्या. तासाभरात परतायचं होतं. पण त्या घरची बाळंतीण तापानं फणफणली, वैद्य आणण्यात दिवस गेला, आणि पोरगं कोंडलेलं आहे हे त्या साफ विसरल्या. दिवेलागणीला धावत येऊन कडी काढली, तर तो गोवऱ्यांवर बसलेला. डोळ्यांत टिपूस नाही. भूक लागली म्हणाला, एवढंच.

वीस वर्षं ती गोष्ट त्यांच्या मनातून पुसली गेली होती. आता ती पिवळसर होऊन दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी त्या सुनीतीवहिनींच्या दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या हातात लेकरू देऊ नोका, वहिनी."

सुनीतीवहिनींनी त्यांना ओढून आत नेलं, समजावलं. कर्म ज्याचं त्याचं असतं, देवाच्या घरचा न्याय नटनट्यांना काय कळतो, असं पुष्कळ सांगितलं. गुणाकरराव म्हणाले की हे भाग लिहिणारा माणूस एकच असतो, दर भागाला नवी आई कुठून आणणार बिचारा. अनुसयाबाईंनी सगळं ऐकलं. काम मात्र सोडलं. दोन महिने कोणत्याच बाळाला हात लावला नाही. आलेलं बोलावणं कंबर धरली आहे म्हणून परतवू लागल्या.

मग त्यांनी ठरवलं, जबलपूरला जायचं. मालिकेत खरं बोलून दाखवलं की खुनी रडायचा आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा. आपल्या मुलाच्या छातीवरचा दगड आपणच ठेवला, तर उतरवायलाही आपणच जायला हवं. गुणाकररावांनी भेटीचा अर्ज लिहून दिला. सुनीतीवहिनींनी दशम्या बांधून दिल्या. अनुसयाबाई पहाटेच्या, अरुंद रुळांवरच्या छोट्या लाइनच्या गाडीत एकट्याच बसल्या. गाडी जंगलातून रखडत चालली होती, आणि त्या मनाशी वाक्यं जुळवत होत्या.

भेटीच्या खोलीत मध्ये जाळी होती आणि दोन्हीकडून माणसं एकदमच बोलत होती. प्रेमलालच्या कानशिलावरचे केस पिकले होते. तिशीही झाली नव्हती त्याची.

त्यांनी कोठडीचं सगळं सांगितलं. माफी मागितली. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

"कोणती कोठडी?" मग त्याला आठवलं. "हौ, गोवऱ्याची. तिथं मांजरीनं पिल्लं देल्ली होती, माय. चार होते. मी तेच पाहत होतो दिवसभर. तू धाडकन दार उघडलं तं मले वाटलं, आता मांजर पळते."

"मंग तू रडला काहून नाही?"

"रडू कायले?"

अनुसयाबाईंना ते पटेना. त्यांनी त्याला आणखी आठवायला लावलं. आपण कधी मारलं असेल, उपाशी झोपवलं असेल, बाप नसल्याचं टोचून बोललो असू. त्यांचा आवाज चढला तशी शेजारची बाई वळून पाहू लागली. प्रेमलालनं जाळीला बोटं लावली.

"तू ते टीव्हीवालं पाहून आली का? आमच्या बराकीतही लावते. लोकं हासतात. शेवटी त्या खुन्याची माय दाखवली का आमच्यातला एक म्हातारा उठून जाते." त्यानं जाळीवरची बोटं काढून घेतली. "भैयालालनं माह्यं पाणी पेलं. मी शिवी देल्ली, त्यानं देल्ली. सब्बल हातात होती. तीन वर्षं झाले, मी रोज पाहतो का याच्या मागं काही हाय का. काही नाही, माय. मी केलं ते. तू घेऊ नोको आपल्यावर. ते माह्यं हाय."

शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं. उठता उठता त्यानं विचारलं, की भैयालालच्या मायला कोणी भेटलं का.

परतीच्या गाडीत त्यांना हलकं वाटलं नाही. कारण सापडलं असतं, तर ओझ्याची मोट बांधून डोक्यावर घेता आली असती, डोक्यावरचं ओझं वाहायची त्यांना सवय होती. आता ते सुटं झालं होतं, कुठूनच धरता येत नव्हतं. नैनपूर मागे पडलं, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इतके दिवस मालिका पाहिली, पण मेलेल्याचा तेवढा फळ्यावरचा फोटो लक्षात होता. त्याचं घर एकदा दाखवत, एक बाई रडताना दिसे, आणि पुन्हा तिकडे कोणी जात नसे. डॉक्टरसाहेबही नाही. आणि आपण तरी कुठे गेलो?

आठ दिवसांनी त्या उकव्याच्या बसमध्ये बसल्या. सुनीतीवहिनींनी परोपरीनं अडवलं होतं. धरलेली खपली काढू नका, भैयालालच्या आईनं दारातून हाकललं तर काय कराल, असं म्हणाल्या. हाकललं तर परत येईन, असं उत्तर मिळालं.

भैयालालची आई रुख्माबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अनुसयाबाईंनी आपलं नाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं. रुख्माबाईचे हात थांबले नाहीत. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. अनुसयाबाई जमिनीवर बसल्या. ऊन अंगणातून भिंतीपर्यंत सरकलं.

मग रुख्माबाईनं मान वर न करता विचारलं, "काहून मारला त्यानं?"

कोठडीची गोष्ट अनुसयाबाईंच्या जिभेच्या टोकावर आली. सांगितली असती, तर समोरच्या बाईला धरायला काहीतरी मिळालं असतं. कदाचित पोरक्या पोराची कीवही आली असती. चटकन समजेल अशी, सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट होती ती. त्यांनी ती गिळली.

"माहीत नाही, बाई. मी जबलपूरले जाऊन इचारून आली. त्यालेही माहीत नाही. पाण्यावरून मारला. त्याच्या मागं काही नाही."

आता रुख्माबाईचे हात थांबले.

"पाणी मी भरून देल्लं होतं त्याले," ती म्हणाली. "प्लास्टिकची डबकी भरून. तो घरीच ठेवून गेला. मले दिसली ती, तो नाक्यापर्यंत गेला होता तवा. म्हटलं, पेईन तिथं कोणाचं बी. कोण धावते." तिनं सुपात पाहिलं. "धावली असती तं भेटला असता. नाक्यालेच होता."

ही बाई तीन वर्षं त्या नाक्यापर्यंत धावत होती, हे अनुसयाबाईंना तिनं न सांगताच कळलं. तिच्याजवळही एक कारण होतं, आणि तेही आईचंच होतं. मुलानं जाळीपलीकडून जे म्हटलं होतं आणि त्यांना स्वतःसाठी घेता आलं नव्हतं, ते इथं त्यांच्या तोंडून सरळ निघालं.

"ते तुमचं नाही, बाई. त्यानं केलं ते. माह्या पोरानं."

रुख्माबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात क्षमा नव्हती, आणि ती मागायला अनुसयाबाई आल्याही नव्हत्या. मग पदरानं नाक पुसून रुख्माबाईनं भैयालालचं सांगायला सुरुवात केली. पायाळू जन्मला होता. बेडकाला भ्यायचा, एवढा मोठा गडी झाला तरी. भाकरीला शिवायचा नाही, भातच पाहिजे. लग्न ठरत आलं होतं, पोरगी बैहरकडची. पुन्हा पहिल्यापासून ती सांगू लागली आणि अनुसयाबाई ऐकत राहिल्या. बालाघाटची बस सडकेवर येऊन भोंगा वाजवून गेली, तेव्हा रुख्माबाईच्या सांगण्यात भैयालाल जेमतेम दहा वर्षांचा झाला होता.